वीस मिलिलिटरचा श्वास

तीन किलो वजनाच्या बाळाच्या एका श्वासात साधारण १८ ते २० मिलिलिटर हवा आत जाते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, तशी दोन टोपणं. आता कल्पना करा, एवढीच हवा मिनिटाला ३०-४० वेळा आत-बाहेर करायची आहे आणि ती बाळाने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. बाळ उजव्या कुशीवर झोपवलंय. डाव्या बरगड्यांमधून दुर्बीण आत गेली आहे. हृदयाजवळची एक नळी सर्जनला नीट दिसावी म्हणून डावं फुफ्फुस मुद्दाम दाबून ठेवलंय. आणि अख्खं बाळ हिरव्या कापडाखाली झाकलेलं आहे.

अशा ऑपरेशनची बातमी येते तेव्हा तिच्यात सर्जनचं नाव असतं, बाळाचं वजन असतं, छिद्र किती मिलिमीटरचं होतं तेही असतं. श्वास कोण सांभाळत होतं, ते बहुधा नसतं.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअर लिहितो. सध्याचं काम आयसीयूतल्या मॉनिटरच्या स्क्रीनवर रेषा काढण्याचं. त्यात अलार्मच्या मर्यादांच्या दोन याद्या असतात, एक मोठ्यांसाठी आणि एक नवजात बाळांसाठी. दुसरी यादी एवढी वेगळी का, हे बघायला गेलो आणि या इतिहासात अडकलो, तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

सगळी गोष्ट फिरते ती त्या एका नळीभोवती. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात, ऑक्सिजन नाळेतून येतो. तेव्हा फुफ्फुसांकडे भरपूर रक्त पाठवून उपयोग नसतो. म्हणून फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये शरीराने एक आडवाट ठेवलेली असते. बाळ जन्मतं, श्वास घेऊ लागतं, रक्तातला ऑक्सिजन वाढतो आणि त्याच खुणेवर ही नळी आवळायला लागते. एक-दोन दिवसांत तिचं काम संपतं. थोडक्यात, डक्टस हा श्वासाच्या आधीच्या आयुष्यातला अवयव. श्वास सुरू झाला की त्याने निघून जायचं.

काही बाळांत तो जात नाही, विशेषतः कमी दिवसांच्या बाळांत. मग रक्त उलट्या दिशेने, महाधमनीतून फुफ्फुसांत वाहायला लागतं. फुफ्फुसं रक्ताने जड होतात, हृदय तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलत राहतं, आणि बाळ दूध प्यायलाही धापा टाकतं.

नळीला बाहेरून दोरा बांधला की काम झालं, हे शरीररचना शिकलेल्या कुणालाही कळत होतं. अडचण होती छाती उघडण्याची. फुफ्फुसं स्वतःच्या ताकदीवर फुगलेली नसतात. छातीच्या आतल्या पोकळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, म्हणून ती ताणलेली राहतात. छातीला मोठं भोक पडलं की हवा आत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्जन पोट बेधडक उघडत होते, पण छातीला हात लावायला बिचकत होते, ते याचमुळे.

१९०४ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाउमध्ये (आता ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ) फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी यावर जो उपाय मांडला, तो वाचून मला आधी हसू आलं आणि मग आदर वाटला. त्यांनी हवाबंद खोली बांधली. रोग्याचं धड आत, डोकं रबरी पट्ट्यातून बाहेर. सर्जन आणि मदतनीसही आतच. मग खोलीतली हवा थोडी काढून घ्यायची. बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून उघड्या छातीतलं फुफ्फुसही फुगलेलं राहतं. एका माणसाच्या श्वासासाठी अख्ख्या खोलीचं हवामान बदलायचं! नळीतून हवा आत ढकलणं हा त्याहून कितीतरी सोपा मार्ग होता. पण तो सगळीकडे रुळायला आणखी काही दशकं जावी लागली.

२६ ऑगस्ट १९३८ या दिवशी बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी साडेसात वर्षांच्या एका मुलीची डक्टस बांधली. ग्रॉस तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि त्यांचे वरिष्ठ विल्यम लॅड रजेवर होते. तेवढ्यात त्यांनी हे उरकलं, हा किस्सा वैद्यकाच्या इतिहासात चवीने सांगितला जातो. भूल दिली बेटी लँक नावाच्या नर्सने. सायक्लोप्रोपेन हा वायू, मास्कमधून. या वायूचा फायदा असा, की त्याच्यासोबत ऑक्सिजन भरपूर देता यायचा. तोटा असा, की तो ठिणगीने स्फोट होणारा होता. डाव्या बाजूने छाती उघडली आहे, एक फुफ्फुस जवळजवळ मिटलं आहे, श्वासनलिकेत नळी नाही, आणि नाका-तोंडावरचा मास्क हाताने दाबून धरलेला आहे. मुलगी वाचली, पुढे दीर्घकाळ जगली. ग्रॉस यांचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं. लँक यांचं नाव मला भूलशास्त्राच्या इतिहासावरच्या लिखाणात सापडलं, हृदयशस्त्रक्रियेच्या नव्हे.

पण साडेसात वर्षांची मुलगी वेगळी आणि तान्हं बाळ वेगळं. मोठ्या माणसासाठी बनवलेल्या भुलीच्या यंत्रात झडपा होत्या, लांब नळ्या होत्या. मोठा माणूस त्या झडपा श्वासाने सहज उघडतो. बाळ त्या ढकलता ढकलता दमून जातं. शिवाय त्या नळ्यांत साचलेली हवा, म्हणजे आपणच सोडलेला कार्बन डायॉक्साइड, पुन्हा आत घेतली जाते. आपल्याला घोटभर शिळी हवा काहीच नाही. २० मिलिलिटरच्या श्वासात ५ मिलिलिटर शिळी असेल, तर पाव श्वास वाया गेला.

यावर पहिलं शहाणं उत्तर न्यूकॅसलच्या फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये दिलं. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा एक तुकडा. एका तोंडातून ताजा वायू येणार, दुसरं बाळाकडे, तिसरं उघडं. झडप नाही, हलणारा एकही भाग नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. फाटलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या बाळांच्या ऑपरेशनमध्ये तो फार उपयोगी पडला. एअर स्वतः तसाच ओठ आणि टाळू घेऊन जन्मले होते.

लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० च्या सुमारास त्या तिसऱ्या, उघड्या तोंडाला शेपटाकडून उघडी असलेली छोटी रबरी पिशवी जोडली. पिशवी तळहातात धरायची, शेपूट करंगळीने आवळायचं आणि दाबायचं, की श्वास आत. करंगळी सैल केली की बाहेर. यंत्र एवढंच. आजही मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ही पिशवी दिसते आणि ती ‘जॅक्सन रीस’ याच नावाने ओळखली जाते. हातात पिशवी असली की फुफ्फुस कडक झालंय की मऊ आहे हे बोटांना कळतं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. १९९१ साली काही अमेरिकन भूलतज्ज्ञांनी याचीच परीक्षा घेतली. आपल्या सहकाऱ्यांना पिशव्या दाबायला दिल्या, समोर बाळाच्या फुफ्फुसाची नक्कल ठेवली आणि तिचा कडकपणा गुपचूप बदलत राहिले. अनुभवी हातांनाही तो फरक खात्रीने सांगता आला नाही. आमच्याकडे ‘मला लॉग न बघताच कळतं’ म्हणणारे सीनियर असतात, त्यांची आठवण झाली.

आता या इतिहासातला मला सगळ्यात जड गेलेला भाग.

बाळाचा श्वास हाताने चालवायचा, तर बाळाचा स्वतःचा श्वास मध्ये येता कामा नये. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचं विष कामी आलं, क्युरारे. ते स्नायू लुळे पाडतं. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते भूल देताना वापरलं, आणि काही वर्षांत लिव्हरपूलमध्ये सेसिल ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धत बसवली. हलकी भूल, क्युरारे, आणि श्वास पूर्णपणे भूलतज्ज्ञाच्या हातात. त्याआधी बाळ शांत राहावं म्हणून ईथरसारखी औषधं एवढी द्यावी लागत, की हृदयच दबून जाई. नव्या पद्धतीने असंख्य बाळं वाचली, यात शंका नाही.

पण क्युरारे झोप आणत नाही. वेदना थांबवत नाही. हेही तेव्हाच माहीत होतं. अमेरिकेतल्या युटामध्ये स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःला क्युरारे टोचून घेतलं होतं. सगळं शरीर लुळं पडलं, श्वास सहकाऱ्यांनी चालवला. शुद्धीवर असताना त्यांना सगळं ऐकू येत होतं, सगळं जाणवत होतं, फक्त पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. हा प्रयोग १९४७ साली छापून आला. म्हणजे न हलणारा माणूस झोपलेला असेलच असं नाही, ही गोष्ट भूलशास्त्राच्या कपाटात चाळीस वर्षं नोंदवून ठेवलेली होती.

मोठा माणूस ऑपरेशननंतर उठून तक्रार करू शकतो. बाळ करत नाही. त्यातच एक समजूत पक्की बसली होती: नवजात बाळाची मज्जासंस्था अर्धवट असते, त्याला दुखणं आपल्यासारखं कळत नाही. आणि या समजुतीला एका खऱ्या भीतीचा आधार होता. मॉर्फिन, फेंटानिल ही औषधं श्वास मंदावतात. कमी दिवसांच्या बाळाचा श्वास आधीच बेभरवशाचा. तो परत आलाच नाही तर? म्हणून पुष्कळ ठिकाणी या बाळांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे एवढ्यावरच ऑपरेशनला घेतलं जाई. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइडही नसे. मला इथे चीड येते ती अज्ञानाची नाही. श्वास तर पिशवीने चालूच होता! तो मंदावेल या भीतीने दुखण्याचं औषध टाळायचं, आणि त्याच वेळी तोच श्वास आपण औषध देऊन पूर्ण बंद केलेला. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत होत्या.

यावर बोट ठेवणारा माणूस इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकलेला होता. कंवलजीत आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला गेले. तिथल्या नवजात विभागात त्यांना दिसलं, की ऑपरेशनला जाताना बरी असलेली बाळं परत येताना पार खालावलेली असतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जी चाचणी केली, ती नेमकी आपल्या डक्टसच्या ऑपरेशनवर. कमी दिवसांची १६ बाळं. सगळ्यांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे. त्यातल्या आठांना त्याशिवाय फेंटानिल. ज्या बाळांना ते मिळालं नाही, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली. बाळ हललं नव्हतं, रडलं नव्हतं, पण रक्ताने साक्ष दिली. हे १९८७ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एका आईने वर्तमानपत्रातून जाहीरपणे सांगितलं होतं, की तिच्या कमी दिवसांच्या बाळाची डक्टस १९८५ साली बांधली तेव्हा त्याला फक्त स्नायू लुळे करणारं औषध दिलं होतं, भूल नाही. बाळ काही आठवड्यांनी गेलं आणि तिला हे नंतर कळलं. १९८७ मध्येच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं, की नवजात बाळांनाही ऑपरेशनसाठी भूल द्यावी. हे वर्ष पुन्हा वाचा. माणूस चंद्रावर जाऊन आल्यालाही अठरा वर्षं झाली होती.

दुर्बीण आली ती याच्या पाठोपाठ. डाव्या बरगड्यांमधला मोठा छेद बाळाला वाढताना त्रास देतो. काहींच्या बरगड्या एकमेकींना चिकटतात, पाठीचा कणा वाकतो, खांदा उतरतो. पॅरिसचे फ्रान्स्वा लाबोर्द यांनी ९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोटाच्या पेराहून लहान छिद्रांतून कॅमेरा आणि लांब अवजारं घालून डक्टसला टायटॅनियमची क्लिप लावायला सुरुवात केली. १९९३ साली त्यांचा लेख आला आणि पद्धत जगभर गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छेद लहान झाला म्हणजे सगळंच सोपं झालं. भूलतज्ज्ञासाठी ते अवघड झालं.

कारण उघड्या छातीत सर्जन फुफ्फुस ओल्या कापडाने हळूच बाजूला सारू शकतो. छिद्रातून काम करायचं तर आत जागा हवी, म्हणजे फुफ्फुस मिटवावं लागतं किंवा कमी दाबाने कार्बन डायॉक्साइड भरून दाबावं लागतं. पाऱ्याच्या ४ ते ६ मिलिमीटरचा दाब आपल्याला किरकोळ वाटेल, पण बाळाच्या हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताला तोही जाणवतो. आणि तो वायू रक्तात शोषला जातो तो वेगळाच.

मोठ्या माणसात एक फुफ्फुस बंद करायला दुहेरी नळी असते, दोन फुफ्फुसांसाठी दोन वेगळे मार्ग. तिचा सगळ्यात लहान आकारसुद्धा साधारण आठ वर्षांच्या मुलाला बसतो. बाळाच्या श्वासनलिकेत जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर आतल्या व्यासाची साधी नळी मावते. मग तीच नळी थोडी पुढे सरकवून उजव्या फुफ्फुसाच्या फाट्यात न्यायची, किंवा डाव्या फाट्यात इवलासा फुगा फुगवून तो बुजवायचा, किंवा दोन्ही फुफ्फुसं हलक्या श्वासाने चालू ठेवून सर्जनला म्हणायचं, एवढ्या जागेत भागवा. नवजात बाळाची श्वासनलिका चार-पाच सेंटिमीटर लांब. मान जरा वाकली तरी नळीचं टोक जागा सोडतं. उजव्या फुफ्फुसाचा वरचा फाटा लवकर फुटतो, म्हणून नळी अंमळ जास्त आत गेली की तोही बंद.

त्यात बाळाचं शरीर मोठ्यांचे नियम पाळत नाही. मोठ्या माणसाला कुशीवर झोपवलं तर खालच्या फुफ्फुसात हवा जास्त खेळते, रक्तही तिकडेच जास्त जातं. म्हणून वरचं बंद केलं तरी निभावतं. एक फुफ्फुस आजारी असेल तर निरोगी खाली ठेवा, असं शिकवतात. १९८३ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की तान्ह्या बाळांत हे उलटं आहे. त्यांच्या बरगड्या कूर्चेसारख्या मऊ असतात, खालचं फुफ्फुस सहज चेपतं आणि बरी हवा वरच्या फुफ्फुसातच खेळते. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये दाबून ठेवायचं असतं ते नेमकं वरचंच. शिवाय बाळ वजनाच्या मानाने आपल्या दुप्पट ऑक्सिजन वापरतं. हाताशी असलेला वेळ मिनिटांत मोजायचा नसतो, सेकंदांत. माझ्या अलार्मच्या दुसऱ्या यादीचं कोडं मला इथे सुटलं.

मग ऑक्सिजन वाढवून द्यावा? तेही सरळ नाही. ऑक्सिजन फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करतो. डक्टस उघडी असताना त्या सैल झाल्या की आणखी रक्त फुफ्फुसांकडे पळतं आणि उरलेल्या शरीराचं कमी होतं. कमी दिवसांच्या बाळांचे डोळे जास्त ऑक्सिजनने जातात, हे तर १९५० च्या दशकातच कळलं होतं. श्वासाचं बटण फिरवलं की हृदयाचं गणित बदलतं. दोन वेगळी मशीन समजून चालवता येत नाहीत.

या सगळ्यात मला आवडणारा शोध एका इंजिनिअरचा आहे. जपानमध्ये निहोन कोहदेन कंपनीत काम करणारे ताकुओ आओयागी १९७० च्या दशकात वेगळंच काहीतरी मोजत होते. रंगद्रव्य टोचून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त फेकतं ते. प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाश हलायचा आणि मापन बिघडायचं. ती खळखळ काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते या खळखळीतच लिहिलेलं आहे. त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावला तोच. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले, जग तो चिमटा दुकानांत शोधत होतं तेव्हा.

डक्टसच्या ऑपरेशनमध्ये ऑक्सिमीटर शक्यतो दोन लावतात. एक उजव्या हाताला, एक पायाला. कारण लहान बाळात डक्टस कधी कधी महाधमनीएवढी जाड असते आणि कॅमेऱ्याच्या चित्रात चुकीची नळी धरली जाऊ शकते. सर्जन आधी नळी नुसती चिमटीत दाबून बघतो. भूलतज्ज्ञ पायाची रेषा बघत असतो. ती सपाट झाली, तर धरलेली नळी महाधमनी आहे, सोडा. ती चालू राहिली आणि रक्तदाब थोडा वर सरकला, तर क्लिप लावा. हा निर्णय कापडाच्या अलीकडून, बाळाच्या उशापासून होतो.

आता यातली बरीच ऑपरेशनं होतच नाहीत. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार नेऊन डक्टस आतून बुजवण्याचं काम बर्लिनमध्ये १९६७ पासून चालू आहे. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेने ७०० ग्रॅमच्या बाळातही वापरता येईल अशा वाटाण्याहून लहान जाळीदार बुचाला परवानगी दिली. आणि अलीकडे डॉक्टर असंही विचारू लागलेत, की सगळ्याच डक्टसच्या मागे लागायचं कशाला, काही बाळांत नुसती वाट पाहिली तर?

ज्यांना तरीही चाकू लागतो, ती बहुधा सगळ्यात अशक्त बाळं. त्यांना थिएटरमध्ये नेणंसुद्धा धोक्याचं. लिफ्टच्या एका हिसक्याने नळी निसटू शकते, व्हेंटिलेटर बदलला की जमलेली घडी विस्कटते. म्हणून पुष्कळ हॉस्पिटलांत थिएटरच बाळाकडे येतं. सर्जन अवजारांचा ट्रे आणि कपाळावरचा दिवा घेऊन एनआयसीयूत येतात, तापवणाऱ्या पाळण्याभोवती दाटीवाटीने उभे राहतात. बाळाच्या गालावरची नळीची चिकटपट्टी तशीच असते, व्हेंटिलेटरवरचे आकडेही सकाळचेच. भूलतज्ज्ञ उशाशी वाकून एकदा डाव्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवतो, मग उजव्या, आणि सर्जनला म्हणतो, करा सुरू.